घराभोवतीच्या वाडीसाठी ग्रासकटर: बॅटरीचा घ्यावा की पेट्रोलचा?

गडग्याआत

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमच्या घराभोवती साधारण २० गुंठ्यांची वाडी आहे. घरामागे नारळ आणि पोफळी, उताराच्या अंगाला हापूसची जुनी कलमे आणि अलीकडे लावलेली काजूची कलमे, पुढे खळ्यापासून रस्त्यापर्यंत उतरणारी पायऱ्यांची पाखाडी, आणि सभोवती जांभ्याचा गडगा असा एकूण पसारा आहे. आईवडील दोघेच तिथे राहतात आणि दोघांचीही वये सत्तरीकडे झुकली आहेत. मी पुण्यात असतो आणि सुटीला जाऊन येतो. पूर्वी श्रावणात एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा बेणणीला, म्हणजे गवत-झुडपे काढायला, माणसे मिळत असत. आता ती मिळणे कठीण झाले आहे, आणि ज्या आठवड्यात आम्हाला हवी असतात त्याच आठवड्यात ती साऱ्या गावाला हवी असतात. म्हणून एक यंत्र घरातच असावे असे आम्ही ठरवले आहे.

वडिलांना पेट्रोलच्या यंत्राची दोरी ओढून ते सुरू करणे जमत नाही, त्यामुळे माझा कल बॅटरीच्या यंत्राकडे आहे. परंतु ऑनलाइन दुकानांत २१, २४, ३६, ४८ आणि ८८ व्होल्ट असे आकडे दिसतात, आणि ८८ व्होल्टचे यंत्र नामांकित कंपनीच्या १८ व्होल्टच्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त असते. या आकड्यांपैकी कशावर विसंबावे? आमच्याकडे भाद्रपदात गवत कमरेला लागते, त्यात लाजाळू आणि रानमोडी असते, आणि गडग्याच्या कडेने करवंदीच्या जाळ्या आहेत. असे रान बॅटरीच्या यंत्राने निघेल का? पाऊस चालू असताना ते वापरता येते का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातळसडा

माझी राजापूर तालुक्यात आंबा आणि काजूची बाग आहे आणि तिथे वर्षानुवर्षे पेट्रोलची यंत्रे चालतात, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे हे आधीच सांगतो. कमरेइतके गवत आणि त्यात रानमोडी असेल, तर ३५ ते ४० सीसीचे, खांद्याला पट्टा असलेले पेट्रोल यंत्र घ्यावे. सकाळी सुरू करावे, टाकी रिकामी झाली की पुन्हा भरावी आणि दुपारपर्यंत काम चालू ठेवावे. बॅटरीच्या यंत्राला ही सोय नाही.

हिशेब ढोबळच मांडतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लहान दोन-स्ट्रोक इंजिन त्यातील बरीचशी उष्णतेत घालवते आणि जेमतेम सहावा हिस्सा पात्यापर्यंत पोहोचवते, असे धरले तरी दीड किलोवॅट-तास काम मिळते. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत सारे मिळून १८० वॅट-तास असतात. म्हणजे एक लिटर पेट्रोलच्या जागी अशा आठ-दहा बॅटऱ्या लागतील. एकरभर बाग बेणायची असेल तर हा फरक डोळ्याआड करता येत नाही.

चार-स्ट्रोक यंत्र मिळाले तर अधिक चांगले. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही, धूर कमी होतो आणि आवाजही जरा सौम्य असतो. वजन थोडे वाढते.

यंत्रदुरुस्ती

चिपळूणला माझे शेती-अवजारांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. दोन्ही प्रकारची यंत्रे माझ्याकडे येतात, म्हणून आधी व्होल्टच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण यात लोकांची फार फसगत होते आणि ती थांबावी असे मला मनापासून वाटते.

या बॅटऱ्यांच्या आत लिथियम-आयनचे नळीसारखे सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच सेल एका रांगेत जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि तीच बॅटरी नुकती भरलेली असताना मोजली तर २१ व्होल्ट दाखवते. म्हणून १८ व्होल्ट, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि २१ व्होल्ट अशा तीन नावांनी विकली जाणारी बॅटरी आतून एकच असते. दहा सेलांची रांग म्हणजे ३६ व्होल्ट, आणि तिलाच काही कंपन्या ‘४० व्होल्ट मॅक्स’ म्हणतात. इथवर फसवणूक काही नाही, केवळ मोजण्याची वेळ निराळी आहे.

आता ८८ व्होल्टचे पाहू. पूर्ण भरल्यावर ८८ व्होल्ट व्हायचे तर एका रांगेत २१ सेल लागतील. सर्वसाधारण सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो, त्यामुळे नुसत्या सेलांचे वजन एक किलोच्या घरात जाईल. जी बॅटरी हातात घेतल्यावर पाव किलोपेक्षा फारशी जड लागत नाही, तिच्यात पाचच सेल आहेत असे खुशाल समजावे. अशा कित्येक बॅटऱ्या मी दुरुस्तीसाठी उघडल्या आहेत. बाहेर ४८ किंवा ८८ छापलेले असते आणि आत १.५ अँपिअर-तासाच्या पाच सेलांची एकच रांग असते. म्हणजे १८ गुणिले १.५, केवळ २७ वॅट-तास. ३०० वॅट खेचणारी मोटर त्यावर पाच-सहा मिनिटे चालेल.

म्हणून यंत्र घेताना दुकानदाराला व्होल्ट आणि अँपिअर-तास हे दोन्ही आकडे विचारावेत आणि त्यांचा गुणाकार करावा. चांगल्या बॅटरीवर वॅट-तास थेट छापलेले असतात. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे १८०. साध्या गवतात चांगले यंत्र ३०० ते ५०० वॅट घेते, त्यामुळे १८० वॅट-तासांची बॅटरी २० ते ३५ मिनिटे पुरते. गवत ओले आणि दाट असेल तर २० मिनिटांचाच हिशेब धरावा.

मोटर ब्रशलेस, म्हणजे दुकानदार जिला बीएलडीसी म्हणतात तीच असावी. कार्बन ब्रशची मोटर स्वस्त पडते, परंतु दाट गवतात ती लवकर तापते आणि तितक्याच कामाला बॅटरीही अधिक खाते.

पोफळबाग

सावंतवाडीजवळ माझी पोफळीची बाग आहे आणि तिची राखण मी स्वतः करते. कातळसडा यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो एकरांचा हिशेब आहे आणि इथे प्रश्न २० गुंठ्यांचा आणि सत्तरीच्या माणसांचा आहे. त्या दृष्टीने दोन शब्द लिहिते.

पट्ट्याचे पेट्रोल यंत्र सात-आठ किलोचे असते आणि पाठीवर घ्यायचे त्याहून जड असते. उतारावर, ओल्या जांभ्यावर, ते वजन घेऊन तासभर उभे राहणे तरुण गड्यालाही सोपे नसते. त्यातून इंजिनाची थरथर मनगटांत उतरते, आणि ज्यांच्या बोटांना आधीच मुंग्या येतात त्यांनी ती टाळावीच. १८ व्होल्टचे हलके यंत्र बॅटरीसह तीन-चार किलोचे असते आणि ३६ व्होल्टचे दणकट यंत्र पाच-सहा किलोचे. बटण दाबले की ते सुरू होते आणि सोडले की थांबते. मधेच आंब्याच्या मुळात काही दिसले, वाकून बघायचे झाले, तर इंजिन गुरगुरत ठेवावे लागत नाही. माझ्या बागेत या एका गोष्टीने कामाची पद्धतच बदलली. पूर्वी यंत्र एकदा सुरू झाले की गडी टाकी संपेपर्यंत थांबत नसे, कारण पुन्हा दोरी ओढण्याचा कंटाळा. आता मी सकाळी एक बॅटरी संपेपर्यंत एक तुकडा करते आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. गवत गुडघ्यावर जाऊच दिले नाही, तर लहान यंत्रही पुरते.

विकत घेण्याआधी वजनाचा तोल मात्र हातात घेऊन पाहावा. काही यंत्रांत मोटर खाली, पात्याजवळ असते, तर काहींत ती वर, बॅटरीपाशी असते आणि दांड्याच्या आतून जाणारा शाफ्ट पाते फिरवतो. पहिल्या प्रकारात सारा भार मनगटावर येतो. दुसऱ्या प्रकारात पट्टा नीट अडकवला की यंत्र जवळजवळ आडवे तरंगते. वडिलांना शक्य असेल तर दुकानात सोबत न्यावे आणि बॅटरी लावलेले यंत्र थोडा वेळ त्यांच्या खांद्यावर राहू द्यावे. किंमत आणि माहितीपत्रक घरी बसून वाचता येते, पण खांद्याला काय वाटते हे दुकानातच कळते.

टेम्सकाठ

मी लंडनच्या बाहेर राहतो. आमच्याकडे घरामागच्या लहान बागेसाठी बॅटरीची यंत्रे आता अगदी सर्रास झाली आहेत, तेव्हा त्या अनुभवातून दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा असा की यंत्र निवडताना खरी निवड बॅटरीची असते. एकदा एका कंपनीची बॅटरी आणि चार्जर घेतले की पुढची यंत्रे नुसती, बॅटरीशिवाय घेता येतात. घरी आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीचे ड्रिल असेल तर त्याच मालिकेतले ग्रासकटर मिळते का ते आधी पाहावे. मकिता कंपनीच्या काही यंत्रांत तर ड्रिलच्याच १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम बसतात आणि मिळून ३६ व्होल्ट होतात. परंतु एकाच कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींच्या जागी चालतात असे गृहीत धरू नये. स्टिल कंपनीच्या एके आणि एपी या दोन्ही मालिका ३६ व्होल्टच्याच आहेत, तरी एकीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भारतातल्या ऑनलाइन दुकानांवर ग्रासकटरसोबत साखळीचे किंवा बिजागरीने जोडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे डोके विकायला ठेवलेले मी पाहिले आहे. कृपया ते कुणीही वापरू नये. ब्रिटनमध्ये अशा डोक्याचा तुटलेला दुवा उडून मनुष्य दगावला, आणि त्यानंतर युरोपीय संघाने २०१२ साली हातात धरण्याच्या ब्रश कटरसाठी, म्हणजे गवत-झुडपे कापणाऱ्या अशाच यंत्रांसाठी, अनेक धातूचे भाग जोडून केलेली डोकी विकण्यास बंदी घातली. दगड लागल्यावर अखंड पाते बहुधा बोथट होते किंवा वाकते. साखळीचा दुवा मात्र सुटून गोळीसारखा जातो.

गडग्याआत

सर्वांचे मनापासून आभार. व्होल्टचा गोंधळ पूर्णपणे मिटला आणि ती स्वस्त यंत्रे मी यादीतून काढून टाकली आहेत. आता आणखी दोन शंका आहेत. एक, बॅटरीच्या यंत्राला लोखंडी पाते लावून रानमोडी आणि करवंद काढता येईल का, की पात्याच्या जागी फिरून गवत कापणारी नायलॉनची दोरीच केवळ वापरावी? दुसरी शंका पावसाबद्दलची, जी मी आधीही विचारली होती. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडा दिवस फार क्वचित मिळतो.

यंत्रदुरुस्ती

पात्याबद्दल सांगतो. लोखंडी पाते लावायचे असेल तर यंत्र त्यासाठीच बनवलेले असावे लागते. ओळखायची खूण सोपी आहे. दांडा सरळ असतो, खाली दंतचक्राची पेटी असते, मूठ सायकलच्या हँडलसारखी दुहेरी असते किंवा एकेरी मुठीला पाय पुढे जाऊ नये म्हणून आडवा दांडा असतो, आणि सोबत पट्टा येतो. वाकड्या दांड्याचे आणि हलक्या गोल मुठीचे यंत्र फक्त दोरीसाठी असते. त्याच्या खोक्यात लोखंडी पाते दिलेले असले तरी ते बसवू नये.

पात्याला घाबरायचे ते त्याच्या उलट्या धक्क्यासाठी. बहुतेक सरळ दांड्याच्या यंत्रांत पाते वरून पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. घड्याळाच्या तबकडीवर १२ ते ३ जिथे असतात, पात्याचा तो पुढचा-उजवा भाग जाड खोडाला किंवा चिऱ्याला लागला की सारे यंत्र झटक्याने बाजूला फेकले जाते. म्हणून उजवीकडून डावीकडे ओढत कापावे, आणि पात्याची डावी बाजू कामाला लावावी. तसे केले की कापलेले गवतही डावीकडे, आधीच कापलेल्या भागावर पडते आणि पुढचे स्वच्छ दिसते.

आपल्या वाडीत मी असे करीन. मोकळ्या उतारावरच्या रानमोडीसाठी तीन दातांचे पाते लावावे. ३६ व्होल्टचे चांगले यंत्र बोटाएवढ्या जाडीपर्यंतची रानमोडी सहज काढते. गडग्याच्या जवळ, पाखाडीच्या कडेला आणि जिथे जांभ्याचे डोके वर आलेले आहे तिथे पाते काढून नायलॉनची दोरीच लावावी. गोल करवतीच्या दातांना कार्बाइड लावलेले पाते जांभ्याजवळ नेऊच नये, कारण ते दात ठिसूळ असतात आणि तुटून उडतात. करवंदीच्या जुन्या जाळ्यांना मात्र हे कोणतेच यंत्र योग्य नाही. त्या कोयत्याने किंवा आकडीने बुंध्यापासून काढाव्यात आणि नंतर फुटणारे कोवळे फुटवे यंत्राने मारत राहावे.

दोरीची जाडी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते तीच वापरावी. हलक्या यंत्राला १.६ किंवा २ मिलिमीटर, ३६ व्होल्टच्या यंत्राला साधारण २.४ मिलिमीटर. जाड दोरी लावली की अधिक कापते असा समज आहे, पण बॅटरीच्या यंत्रात ती मोटरवर भार टाकते आणि बॅटरी लवकर संपवते. उन्हाळाभर पडून राहिलेली दोरी कडक होऊन तुटते, म्हणून वापरण्यापूर्वी ती रात्रभर पाण्यात भिजत घालावी. नायलॉन पाणी शोषून पुन्हा लवचीक होते.

सत्तरीकर

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळी-नारळाची बाग, आहे, त्यामुळे ओल्या जागेचा अनुभव पुरेसा आहे. कुळागरात पाऊस थांबला तरी पाटाचे पाणी असते आणि जमीन सतत ओली राहते.

ओल्या गवतात चालणे आणि कोसळत्या पावसात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रावर आयपीएक्स४ असा शेरा असेल तर चहूबाजूंनी उडालेल्या शिंतोड्यांनी त्याला अपाय होत नाही. गवतावरचे पाणी आणि हलकी भुरभुर त्यात येते. मुसळधार पाऊस त्यात येत नाही, आणि काम झाल्यावर पाण्याच्या नळीने यंत्र धुणे तर मुळीच येत नाही. असा शेरा नसलेले यंत्र कोकणासाठी किंवा गोव्यासाठी घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. बॅटरी आणि यंत्र जिथे जोडले जातात तिथले पितळी पत्रे काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसावेत, कारण आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यांवर हिरवट थर चढतो. चार्जर कधीही ओटीवर किंवा पडवीत ठेवू नये. बॅटरी घरात आणून, पुसून, निवल्यावरच लावावी.

ओले गवत डोक्याभोवती गुंडाळले जाते आणि मोटर अडते. ते काढताना आधी बॅटरी उपसून बाजूला ठेवावी. बटणावरचे बोट चुकून दाबले जाण्यास क्षणही लागत नाही.

कातळसडा

बॅटरीच्या बाजूचे मुद्दे वाचले आणि २० गुंठ्यांसाठी ते मला पटतात. पेट्रोल यंत्राची एक अडचण मी स्वतःच नोंदवतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि यंत्र चार महिने वापरून आठ महिने ठेवून दिले की कार्बोरेटरमधली रबरी पडदी आणि नळ्या खराब होतात. मोठ्या बागेत यंत्र सतत चालते म्हणून हे फारसे जाणवत नाही. जिथे ते वर्षातून थोडेच दिवस निघते तिथे दर पावसाळ्याच्या तोंडावर दुरुस्ती ठरलेली. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे हाच त्यावर उपाय, आणि तो पुण्याहून फोनवर करून घेणे अवघड आहे.

काजूच्या नव्या कलमांबद्दल मात्र कळकळीने लिहितो. यंत्र कोणतेही घ्या, त्या कलमांपासून हातभर अंतरावर ते थांबवा. नायलॉनची दोरी कोवळ्या खोडाची साल क्षणात सोलते, आणि साल सभोवार गेली की कलम वरून हिरवे दिसत राहते आणि काही आठवड्यांत वाळते. जखम लहान असली तरी तिथून खोडकिडा आणि बुरशी शिरते. प्रत्येक कलमाचे आळे हाताने, विळ्याने बेणावे आणि कापलेले गवत त्याच आळ्यात आच्छादन म्हणून घालावे, फक्त ते खोडाला टेकू देऊ नये. ठिबकच्या नळ्या असतील तर गवत वाढण्यापूर्वीच त्यांच्या कडेने काठ्या रोवून ठेवाव्यात, नाहीतर गवतात त्या दिसत नाहीत.

गुरे असतील किंवा गवत शेजारच्या गोठ्यात द्यायचे असेल तर ते दोरीने कापू नये. दोरी गवताचा भुगा करते आणि स्वतःचे तुकडेही त्यात टाकते. वैरणीसाठी पातेच हवे, म्हणजे गवत आडवे, अखंड पडते आणि पेंढ्या बांधता येतात.

आणि शेवटची सूचना. दसऱ्यानंतरची मोठी बेणणी पेट्रोल यंत्रवाल्याला रोजाने द्यावी. आमच्या भागात स्वतःचे यंत्र घेऊन येणारी तरुण मुले आहेत, तुमच्याकडेही असतील. एका दिवसात तुमची वाडी होऊन जाईल. बाकीचे वर्षभर आईवडिलांनी बॅटरीच्या यंत्राने पाखाडी, खळ्याची कडा, नारळांची आळी आणि गडग्याच्या आतला पट्टा राखावा. असे काम वाटून घेतले तर घरचे यंत्र फार मोठे घेण्याची गरजच उरत नाही.

पोफळबाग

या वाटणीला माझे पूर्ण अनुमोदन. त्यात एवढेच जोडते की श्रावण-भाद्रपदातली कापणी चुकवू नये. गवताला तुरे येऊन बी धरण्याआधी एकदा कापले की पुढल्या वर्षीचे रान उघडच कमी होते. उतारावर मात्र अगदी मुळाशी कापू नका. दोन-तीन इंच गवत राहू द्या, नाहीतर परतीच्या पावसात माती वाहून जाते. आणि पावसाळा संपल्यावर गडग्याच्या बाहेरच्या अंगालाही हातभर पट्टा साफ ठेवावा. माघ-फाल्गुनात कातळाच्या सड्यावरून वणवा उतरतो तेव्हा तो पट्टा फार उपयोगी पडतो.

गमबूट, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा आणि लांब विजार यांशिवाय यंत्र हातात घेऊ देऊ नका. जांभ्याच्या फटींत फुरसे असते, आणि यंत्राचा आवाज कमी असल्यामुळे पावलांकडे लक्ष राहते हा बॅटरीच्या यंत्राचा मला जाणवलेला आणखी एक फायदा. काम चालू असताना कुणालाही १५ मीटरच्या आत येऊ देऊ नये. आई चहा घेऊन जवळ येईल तेव्हा वडिलांनी आधी बटण सोडायचे, हे दोघांनी आपसांत ठरवूनच ठेवावे.

हिरवळ

पुण्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीच्या कडा मी १८ व्होल्टच्या यंत्राने करतो आणि तिथे ते उत्तम चालते. परंतु वर वर्णन केलेल्या वाडीसाठी १८ व्होल्ट कमी पडेल असे वाटते. काम वाटून घेतले तरी एखाद्या पावसाळ्यात यंत्रवाला आलाच नाही तर काय, याचा विचार करून ३६ व्होल्ट घ्यावे.

गडग्याआत

सगळ्यांच्या सल्ल्यानंतर ठरले ते असे. ३६ व्होल्टचे, सरळ दांड्याचे, मोटर वर असलेले आणि आयपीएक्स४ शेरा असलेले यंत्र घ्यायचे, सोबत ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आणि जलद चार्जर. चिपळूणला ज्या कंपनीचे सेवा केंद्र आहे तिचेच घेणार. वडील पुढच्या आठवड्यात स्वतः दुकानात येऊन यंत्र खांद्यावर घेऊन पाहणार आहेत. ऑक्टोबरातल्या बेणणीसाठी शेजारच्या वाडीतल्या यंत्रवाल्याशी बोलणेही झाले आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आमच्याकडे वादळात वीज जाते आणि निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी तर जिल्ह्याच्या उत्तर भागात ती कितीतरी दिवस नव्हती. अशा वेळी बॅटऱ्या घरच्या इन्व्हर्टरवर भरता येतील का? आणि डिसेंबर ते मे यंत्र फारसे लागणार नाही, तेव्हा बॅटऱ्या कशा ठेवाव्यात? शासकीय अनुदानाबद्दलही कुणाला ठाऊक असेल तर सांगावे.

यंत्रदुरुस्ती

इन्व्हर्टरवर भरता येतात. १८० वॅट-तासांची एक बॅटरी भरायला पाव युनिटही वीज लागत नाही. जलद चार्जर दोन-तीनशे वॅट किंवा त्याहून अधिक घेतो, म्हणून इन्व्हर्टर शुद्ध साइन-लहरीचा (प्युअर साइन वेव्ह) आहे का ते पाहावे आणि त्या वेळी पंखे-दिव्यांचा भार कमी ठेवावा. वीज परत येताना दाब वर-खाली होतो, तेव्हा चार्जर काढून ठेवावा आणि दाब स्थिर झाल्यावर लावावा. माझ्याकडे येणाऱ्या चार्जरांपैकी बरेचसे वीज परत येण्याच्या त्या क्षणी जळालेले असतात.

साठवणीसाठी बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि पूर्ण रिकामीही ठेवू नये. बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी दोन दिवे लागतील इतकी, म्हणजे साधारण निम्मी भरलेली असावी. यंत्रातून काढून, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या जागी, लाकडी कपाटात ठेवावी. पत्र्याखालच्या पडवीत एप्रिल-मेच्या उष्णतेत पूर्ण भरलेली बॅटरी ठेवली की तिची क्षमता कायमची घटते. दोन-तीन महिन्यांनी एकदा दिवे पाहावेत आणि एकच दिवा उरला असेल तर थोडी भरावी. मृगाच्या आधी दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून यंत्र रिकामे फिरवून पाहावे. दंतचक्राच्या पेटीत दर २०-२५ तासांच्या कामानंतर थोडे ग्रीस घालावे लागते, त्यासाठी बाजूला एक स्क्रू असतो.

अनुदानासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करावा लागतो. बॅटरीचे यंत्र त्या यादीत बसते का हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारावे, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेऊ नये, कारण आधी केलेल्या खरेदीवर अनुदान मिळत नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुकानात जाल तेव्हा यंत्र खांद्यावर घेऊन पाहा, कोटेशन घ्या आणि पैसे मात्र कार्यालयातून उत्तर आल्यावरच भरा.